काटक म्हणून आमची पिके मोजणीतून वगळू नका

प्रति,
भरडधान्यांचे धोरण आखणारे, त्यांच्या संशोधनाला पैसा देणारे आणि पीक संरक्षणाचा सल्ला देणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

मी ज्वारी, बाजरी आणि थोडी नाचणी पिकवते. सगळी शेती कोरडवाहू, पावसावरची. यंदा पेरणीआधी कृषी अधिकाऱ्यांना भेटायला गेले तेव्हा कळले, की कीड-रोगांच्या साप्ताहिक पाहणीतून ही तिन्ही पिके काढून टाकली आहेत. पाहणीला माणसे कमी, शेते जास्त, म्हणून महत्त्वाच्या पिकांवर लक्ष द्यायचे ठरले. मी कारण विचारले. "ताई, ही काटक पिकं. यांना काय होतंय?" असे उत्तर मिळाले. सांगणाऱ्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, त्यांचा मनापासून तसाच समज होता. तो समज त्या एका टेबलावर जन्मलेला नाही, वरून खाली झिरपत आलेला आहे. म्हणून हे पत्र त्या कार्यालयाला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. भारताच्या प्रस्तावावर मार्च २०२१ मध्ये तसा ठराव झाला आणि सत्तरहून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला. आयुष्यभर ज्या पिकांना 'हलके धान्य' म्हणून हिणवले गेले, त्यांना मान मिळाला याचा मला आनंद झाला आणि तो अजूनही आहे. पण त्या वर्षभरात 'ही पिके बदलत्या हवामानात तग धरतात' हे वाक्य इतक्या व्यासपीठांवरून बोलले गेले, की त्याचा अर्थ तपासून पाहायचे कोणाला सुचलेच नाही. पाण्याच्या बाबतीत ते खरे आहे. मका जिथे करपून जातो तिथे बाजरी उभी राहते. पण तहान सोसणे वेगळे आणि उबेत भराभर वाढणाऱ्या अळीला सोसणे वेगळे. दुष्काळाला दाद न देणारे रोप खोडमाशीपुढे चार दिवसांत मान टाकते, हे मी दर हंगामात पाहते.

ही पिके आजवर किडींपासून वाचली, ती औषधांमुळे फार थोडी वाचली. ती वाचली वेळेमुळे. पेरणी कधी, फुलोरा कधी, दाणा कधी भरायचा, याचे जे गणित पिढ्यान्‌पिढ्या बसले होते, तेच त्यांचे कुंपण होते. हवामान बदलले तेव्हा आधी हे कुंपण मोडले.

खोडमाशीचेच बघा. ही बारीकशी करडी माशी ज्वारीच्या कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे अंडे घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते, पहाटेच्या ओलाव्यावरून सरकत पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, उतरते आणि वाढीचा कोंबच कुरतडते. मधले पान सुकते. ते ओढले तर अलगद हातात येते आणि त्याला कुजका वास येतो. आम्ही याला पोंगेमर म्हणतो. उगवणीनंतरचा पहिला महिनाच काय तो धोक्याचा, त्यापुढे रोप तिच्या हाताबाहेर जाते. माशीची एक पिढी साधारण १७ ते २१ दिवसांत पुरी होते. म्हणून जुन्या माणसांचा नियम साधा होता. पहिल्या भरवशाच्या पावसावर सगळ्या शिवाराने एकदम पेरायचे. माशीची संख्या वाढेपर्यंत रोपे मोठी झालेली असत.

आता पहिला पाऊस भरवशाचा राहिलेला नाही. तो येतो, काही जण पेरतात, मग तो तीन आठवडे गडप होतो. उगवलेले जळते. दुबार पेरणी होते, कोणाची तिबार. शेजारच्या शेतात गुडघ्याएवढी ज्वारी, माझ्या शेतात बोटभर रोप आणि पलीकडे नुकतेच उगवलेले. माशीला एका शेतातून दुसऱ्यात जायला फक्त बांध ओलांडायचा असतो. तिची प्रत्येक पिढी कोवळ्या रोपांवर वाढते आणि शेवटी पेरणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांची माशी येते. शेवटी पेरणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्याकडे बियाण्यासाठी दुसऱ्यांदा पैसे नव्हते.

मिजमाशीचेही असेच. तिची मादी उणीपुरी दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला अंडी घालायला फुलोऱ्यातले कणीस गाठावे लागते. सगळे शिवार एकदम फुलले तर तिला वेळ पुरत नाही. फुलोरा महिनाभर मागे-पुढे होत राहिला, तर दोन आठवड्यांत होणारी तिची पुढची पिढी ताज्या कणसांवर उतरते. कणीस बाहेरून भरलेले वाटते, हातात घेतले की पोचट.

आणि दाण्यावरची बुरशी. ज्वारीच्या कित्येक जुन्या वाणांना दिवसाची लांबी कळते. लवकर पेरा की उशिरा, दिवस ठरावीक लहान झाला की ते फुलावर येतात. त्यामुळे पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत दाणा पिकायचा. झाडाने अजून आपला शब्द मोडलेला नाही, दिवस पूर्वीइतकेच लहान-मोठे होतात. पावसाने मोडला आहे. तो लांबतो, परतून येतो आणि पक्व कणसावर आठ-आठ दिवस पडतो. कमी दिवसांत येणाऱ्या सुधारित वाणांचा दाणा तर पावसाळा संपायच्या आधीच तयार होतो. मग पांढरा दाणा काळा पडतो. यातल्या काही बुरशी फ्युमोनिसिनसारखी विषे तयार करतात. बाजारात काळ्या दाण्याला भाव मिळत नाही, म्हणून तो घरी खाल्ला जातो. माझी सगळ्यात मोठी काळजी ही आहे. उत्पादनाच्या कुठल्याच आकड्यात ती उतरत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, मोजणीची. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. तापमान एका अंशाने वाढले, की किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल, असा त्याचा अंदाज होता. अंदाज कोणत्या पिकांचा? तांदूळ, मका आणि गहू. २०१९ साली जगभरच्या कीड-रोग नुकसानीचा आणखी एक ताळेबंद प्रसिद्ध झाला. त्यात गहू, तांदूळ, मका, बटाटा आणि सोयाबीन होते. त्या शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. ज्यांची आकडेवारी आहे त्यांचाच हिशेब मांडता येतो. पण आकडेवारी नाही म्हणून अभ्यास नाही, अभ्यास नाही म्हणून नुकसान दिसत नाही, नुकसान दिसत नाही म्हणून पीक काटक, आणि काटक म्हणून पाहणीतून बाहेर. या चक्रात आम्ही किती वर्षे फिरायचे?

दिसणाऱ्या संकटाला मदत मिळते, हेही मी पाहिले आहे. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस टाकून गेली. ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या आणि २०१९-२० मध्ये त्यांच्या झुंडी पूर्व आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरल्या. आकाश झाकोळले, जग धावले, आणि ते योग्यच झाले. खोडमाशीने आकाश झाकोळत नाही. ती एकेक रोप मारते.

दुसरी तक्रार सल्ल्याची. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात पोहोचली. तिला हिवाळी झोप नाही. कडाक्याची थंडी हीच तिची सीमा होती आणि ती सीमा आता सैल होते आहे. मक्यावरून ती ज्वारी, बाजरी, नाचणीवर उतरली. आमच्या हातात सल्ला आला तो मक्याचा, फक्त पिकाचे नाव बदललेला. बाजरीला फुटवे येतात, मक्याला सहसा येत नाहीत. मधला कोंब गेला तरी बाजरी काही वेळा भरून काढते, मक्याला ते जमत नाही. मग फवारणी कधी करायची आणि कधी थांबायचे, याची मर्यादा दोघांना एकच कशी असेल? ती शोधायला आमच्या पिकात कोणी बसले का? औषधांचेही तेच. छोट्या पिकासाठी नोंदणीचा खर्च कंपन्यांना परवडत नाही, म्हणून वरई, राळा, कोद्रा यांच्यासाठी अधिकृत शिफारस असलेली औषधे फारच थोडी. शेतकरी शेजारच्या पिकाचे औषध अंदाजाने मारतो. त्यात किडींना खाणारे मित्रकीटक मरतात, दाण्यात अंश उरतात आणि मग त्याच दाण्याला बाजारात नाकारले जाते.

तिसरी तक्रार वाणांबद्दल. वाण 'प्रतिकारक' असल्याचे पिशवीवर छापलेले असते. कोणत्या हवेत प्रतिकारक, ते छापलेले नसते. भारतात मिजमाशीला न जुमानणारे ज्वारीचे काही वाण विषुववृत्ताजवळच्या केनियात, दमट आणि मध्यम तापमानाच्या हवेत लावले, तेव्हा ते तिला बळी पडले. हे संशोधकांनीच नोंदवून ठेवलेले आहे आणि त्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. केनियाची हवा इथे आणि इथली हवा भलतीकडे सरकू लागलेली असताना त्या नोंदीचा अर्थ फार गंभीर होतो. १९६० नंतर किडी आणि रोग दर वर्षी सरासरी २.७ किलोमीटर ध्रुवांच्या दिशेने सरकत आहेत, असे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. मग वाणाची परीक्षा दोन-तीन ठिकाणांच्या जुन्या हवेत घेऊन कसे चालेल? खडखड्या रोग तर हवेची परीक्षाच असतो. फुलोऱ्यानंतर ओल तुटली आणि जमीन तापली, की मुळातली बुरशी खोड पोखरते आणि दाणा भरत आलेली ज्वारी आडवी होते. ओल असलेल्या प्रक्षेत्रावर घेतलेल्या चाचणीत तो दिसणारच नाही.

सगळा दोष हवामानाच्या माथी मारावा, असे मला म्हणायचे नाही. २०१३ साली अमेरिकेत टेक्सास आणि आसपासच्या ज्वारीवर उसावरच्या मावा किडीने हल्ला केला. दोन वर्षांत ती सतरा राज्यांत पोहोचली. तिथे नव्या प्रकारच्या माव्याचे आगमन हे मुख्य कारण होते. ऊबदार दक्षिणेत त्याला हिवाळा काढता येतो आणि वारा त्याला दर वर्षी उत्तरेला नेतो, हा हवामानाचा भाग. काही किडी उलट कमीही होतील. फार तापलेली कोरडी हवा खोडमाशीलाही मानवत नाही. म्हणूनच तर मोजा म्हणते. कोणती वाढेल, कोणती हटेल, कुठे आणि केव्हा, हे माझ्या एकटीच्या वहीतून कळणार नाही.

चौथी तक्रार मित्रकीटकांबद्दल. हे मी तक्रार म्हणून लिहिते आहे खरे, पण यातच मला आशा दिसते. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात बाजरीच्या कणसात शिरणारी एक अळी आहे. १९७२-७४ च्या मोठ्या दुष्काळानंतर ती तिथली प्रमुख कीड झाली. वर्षाला एकच पिढी. बाकीचा काळ ती कोषात, जमिनीखाली. त्या लांबलचक काळात तिच्यावर जगणाऱ्या ब्रॅकॉन नावाच्या परोपजीवी कीटकाला खायला काही मिळत नाही आणि तो जवळपास नाहीसा होतो. पुढच्या हंगामात अळी आधी येते, शत्रू उशिरा. तिथल्या संशोधकांनी आणि गावकऱ्यांनी उपाय काढला. तागाच्या छोट्या पिशवीत बाजरीचे थोडे दाणे व पीठ, त्यात तांदळावरच्या पतंगाच्या अळ्या आणि ब्रॅकॉनच्या काही माद्या. पिशवी शेतात टांगायची. माद्या त्या अळ्यांवर अंडी घालतात, नवे ब्रॅकॉन तागाच्या विणीतून बाहेर पडतात आणि वेळेवर कणसापर्यंत पोहोचतात. मोडलेली वेळ माणसाने हाताने जुळवून दिली. हे काम वर्षानुवर्षे शेतात बसून, अळी कधी येते आणि ब्रॅकॉन कधी, हे मोजल्याशिवाय झाले नसते. आमच्या खोडकिड्याचे, आमच्या माव्याचे शत्रू वाढत्या उष्णतेत मागे पडताहेत का, हे कोणी पाहिले आहे?

पैसा लावला तर फळ मिळते, याचे दाखले आहेत. १९७० च्या दशकात भारतात संकरित बाजरीवर केवडा या रोगाच्या साथी आल्या. कणसाच्या जागी पानांच्या जटा, म्हणून त्या रूपाला गोसावी म्हणतात. शिवारेच्या शिवारे एकाच वाणाची होती, एक पडले तसे सगळे पडले. त्यानंतर काम झाले. १९९० मध्ये आलेल्या एचएचबी ६७ या लवकर येणाऱ्या संकरित वाणावर केवडा भारी पडू लागला, तेव्हा जनुकीय खुणांच्या आधारे त्यात प्रतिकारशक्ती आणून २००५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती दिली गेली. टारफुल्याचे घ्या. ज्वारीच्या मुळावर चिकटून जगणारे हे तण, एकेका झाडाला हजारो बिया, मातीत दहा वर्षांहून अधिक जिवंत राहणाऱ्या. त्याला आणि दुष्काळाला तोंड देणारी ज्वारी घडवल्याबद्दल गेबिसा एजेटा यांना २००९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. केनियात मका-ज्वारीच्या ओळींत डेस्मोडियम ही चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती आणि कडेला गवत लावून खोडकिडा आणि टारफुला दोन्ही आटोक्यात आणले गेले. पुढे कोरड्या भागांसाठी त्यात कमी पाण्यावर टिकणाऱ्या जाती निवडल्या गेल्या. म्हणजे करता येते.

पण केवडा नियंत्रणात आहे म्हणेपर्यंत बाजरीवर करपा या रोगाने डोके वर काढले. एके काळी त्याला किरकोळ समजत असत. नाचणीवरचा करपा तर कधीच किरकोळ नव्हता. मानेवर आला की सबंध कणीस पोकळ जाते. एकदा वाण दिला आणि काम संपले, असे या पिकांत होत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

भरडधान्यांना कीड-रोग पाहणीत परत घ्या आणि छोटी भरडधान्येही त्यात धरा. नुकसानीचे आकडे जाहीर करा, वाईट असले तरी.

पाहणी पिकाच्या वयानुसार करा. ज्वारी उगवल्यापासूनचे पहिले चार आठवडे, मग फुलोरा, मग दाणा पक्व होताना. या तीन वेळा चुकवून वर्षभर फेऱ्या मारल्या तरी उपयोग नाही.

पावसाच्या अंदाजाबरोबर किडीचा अंदाज द्या. पाऊस तुटल्याने पेरण्या मागे-पुढे झाल्या, तर उशिरा पेरणाऱ्याला बियाणे पेरण्याआधी कळले पाहिजे, की त्याच्यावर खोडमाशी येणार आहे. मग तो बियाण्याला प्रक्रिया करेल, दाट पेरून नंतर विरळणी करेल, किंवा दुसरे पीक घेईल. पोंगे सुकल्यावर दिलेला इशारा आम्हाला नको.

दुबार पेरणीची मदत देताना बियाणे वेळेत आणि एकाच आठवड्यात सगळ्यांना द्या. ही मदत पीक संरक्षणाचाच भाग आहे, असे समजून तिचे वेळापत्रक ठरवा.

वाणाच्या चाचण्या उष्ण, दमट, ओल तुटलेल्या अशा वेगवेगळ्या हवेत घ्या आणि तो कुठे टिकला, कुठे पडला, हे दोन्ही पिशवीवर लिहा. जुने स्थानिक वाण बीजपेढीत नुसते ठेवू नका. त्यातले कोणते चकचकीत पानांमुळे, कोणते बारीक लवीमुळे खोडमाशीला अंडी घालू देत नाहीत, हे आजच्या हवेत पुन्हा तपासा.

प्रत्येक भरडधान्यासाठी फवारणीची स्वतंत्र मर्यादा ठरवा. आणि मित्रकीटकांच्या कामाला प्रकल्पाची दोन वर्षे देऊ नका, निदान दहा द्या.

या सगळ्यासाठी निधी नाही, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. त्या उत्तराबरोबर गेल्या पाच वर्षांत या पिकांच्या प्रसिद्धीवर किती खर्च झाला आणि त्यांच्या कीड-रोग संशोधनावर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा.

माझ्याकडे अकरा हंगामांची वही आहे. पेरणीची तारीख, पाऊस कधी तुटला, दर शंभर रोपांत पोंगेमर किती, पहिला मावा कधी दिसला, कणसावर पाऊस किती दिवस पडला. अक्षर वेडेवाकडे आहे, पण नोंद त्याच दिवशी केलेली आहे. तुमची माणसे पाहणीला आली, तर ती वही मी त्यांच्या हातात देईन आणि शेतही दाखवीन. ज्वारी उगवून दहा दिवस झाले आहेत. यायचे असेल तर पुढच्या अठरा दिवसांत या.

आपली,
ज्वारी-बाजरी पिकवणारी एक शेतकरी